बूड रुंद नसेल तर घेऊ नका

सेक्स टॉय वापरावं की नाही, हा ज्या त्या प्रौढ माणसाचा प्रश्न आहे. त्यात पडण्याचं कारण नाही. पण कुरियरची ती निनावी खोकी आता तालुक्याच्या गावीही पोचतात, आणि ती उघडणाऱ्यांपैकी काहीजण रात्री-अपरात्री इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत येतात. येतात तेही फार उशिरा. म्हणून हे आवाहन.

तिथे काम करणाऱ्याला हा रुग्ण न बोलताच ओळखू येतो. खुर्ची पुढे केली तरी तो बसत नाही. ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतो. सोबत आलेला मित्र दाराशी मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभा. एक्स-रे निघाला की गुदाशयात अडकलेल्या बाटलीचा आकार स्वच्छ दिसतो, किंवा मोटर आणि सेलसकट व्हायब्रेटर. मग हळूच कळतं, हे आजचं नाही, परवाचं आहे.

यामागची शरीररचना समजून घ्या. योनीमार्ग आतल्या बाजूला गर्भाशयाच्या मुखाशी संपतो. गुदाशयाला असा शेवट नाही. तो पुढे मोठ्या आतड्याला मिळतो. त्यातच गुदद्वाराचे स्नायू आत गेलेल्या वस्तूमागे आवळून बंद होतात आणि ती वर सरकते. एकदा बोटांतून निसटली की हाती लागत नाही. म्हणून गुदद्वारासाठी वापरायच्या वस्तूचं बूड तिच्या सगळ्यात जाड भागापेक्षा रुंद आणि न वाकणारं हवं. असं बूड नसेल तर ती घेऊ नका, मग ती कितीही महाग असो. घरातली बाटली, काकडी, बल्ब, टॉर्च, डिओचा डबा यांतलं काहीही वापरू नका. काच आत फुटली तर पुढचं सांगायला नको.

आणि अडकलीच, तर चिमटा, चमचा, हँगरची तार घेऊन स्वतः खटपट करू नका. जुलाबाचं औषध नको, एनिमा नको. ‘सकाळपर्यंत पडेल आपोआप’ म्हणत थांबू नका. तडक शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात जा. निघताना काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यावी लागू शकते. वेळेत आलेल्या बहुतेकांची वस्तू पोट न फाडता काढता येते. आतड्याला भोक पडलं की विष्ठा पोटात उतरते आणि मामला जिवावर बेततो. ताप, रक्त, फळीसारखं कडक झालेलं पोट, यांतलं काही दिसलं तर १०८ला फोन करा.

दुसरा धोका रिंगचा. लिंगावर चढवायच्या रिंगमुळे रक्त आत येत राहतं, बाहेर जायला वाट उरत नाही. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, त्यापुढे नाही. घालून झोपू नका, दारू प्यायला असाल तर घालूच नका. मधुमेहाने बधिरपणा आला असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा प्रकार सोडून द्या. रिंग ताणली जाणारी, कात्रीने कापता येईल अशी घ्या. धातूची रिंग, नट, बेअरिंग नकोच. सूज चढली की ते निघत नाही आणि कधी कधी अग्निशमन दलाचं कटर मागवावं लागतं. काळंनिळं पडलं, गार लागलं, संवेदना गेली, तर एक-एक तास मोलाचा आहे.

आता वस्तू कशाची आहे याबद्दल. १ जानेवारी २०२१पासून आपल्या देशात लहान मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्याच वर्षी सेक्स टॉयच्या सुरक्षिततेसाठी ‘आयएसओ ३५३३’ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, पण ते पाळण्याची इथे कुणावर सक्ती नाही. अश्लील वस्तूंच्या विक्रीचं कलम (पूर्वीचं २९२, आता न्यायसंहितेत २९४) डोक्यावर असल्याने विक्रेते ‘मसाजर’ लिहून मोकळे होतात. मार्च २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सने अडवलेल्या बॉडी मसाजरच्या बाबतीत आयातदाराच्या बाजूने निकाल दिला, ते ठीकच झालं. मात्र खोक्यावर मसाजर लिहिलं की आतली वस्तू शरीराच्या आत चालेल का, हे सांगायची जबाबदारी कुणाचीच उरत नाही. तेव्हा ती तुम्हीच घ्या. सिलिकॉन, स्टेनलेस स्टील, बोरोसिलिकेट काच, कडक एबीएस प्लास्टिक ही बिनछिद्री असतात, नीट धुतली जातात. जेलीसारखं लिबलिबीत, चिकट, उग्र वासाचं स्वस्त रबर परत पाठवा. पीव्हीसी मऊ करायला थॅलेट ही रसायनं वापरतात, आणि टीपीई हे रबरासारखं सच्छिद्र प्लास्टिक कितीही धुतलं तरी निर्जंतुक होत नाही. वापरायचंच असेल तर त्यावर दरवेळी नवा कंडोम चढवा.

जोडीदारात वाटून घेतानाही कंडोम बदला. गुदद्वारातून काढलेली वस्तू न धुता योनीत कधीच नाही. एचपीव्ही, क्लॅमिडिया, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, सगळं याही वाटेने येऊ शकतं. धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. मोटर नसलेलं शुद्ध सिलिकॉन उकळता येतं. वंगण म्हणून पाण्यावर आधारित जेल सगळ्यांबरोबर चालतं. खोबरेल तेल आणि व्हॅसलीनने लॅटेक्सचा कंडोम फाटतो, सिलिकॉनचं जेल सिलिकॉनच्या वस्तूला खराब करतं. बधिर करणारी क्रीम लावू नका. दुखणं हीच थांबायची खूण असते आणि ती क्रीम नेमकी तीच पुसून टाकते.

डॉक्टरांना खरं सांगा. काय आहे, केवढं आहे, किती वाजता. प्रौढ माणसाचं खाजगी गुपित पाळणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. कुणी जबरदस्तीने केलं असेल तर तेही सांगा, त्याची मदत वेगळी असते.

आणि एक आवाहन आमच्याच माणसांना: डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, एक्स-रे काढणारे. पडद्याआड फिदीफिदी हसू नका. त्या एक्स-रेचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नका, नाव झाकूनसुद्धा नाही. तो फोटो फिरत फिरत ज्याच्या मोबाइलवर जातो, त्यातला एखादा त्या रात्री घरी बसून ‘जाऊ की नको’ असा विचार करत असतो.