ॲसिडिटीची गोळी पर्समध्ये, पण जेवायची वेळ कुणाच्या हातात?

बदलापूर, अंबरनाथ, डोंबिवलीकडच्या लेडीज डब्यात कुणालाही विचारा, "ॲसिडिटीची गोळी आहे का गं?" चार पर्स लगेच उघडतील. पाणी मात्र बाटलीत असूनही कुणी धड पीत नाही. लोकलमध्ये टॉयलेट नाही, स्टेशनवरचं वापरण्यासारखं असेल याची खात्री नाही. म्हणून सकाळपासून ओठ ओले करण्यापुरतंच प्यायचं. मी गेली कित्येक वर्षं हेच बघतेय आणि करतेय.

मग डॉक्टरांकडे गेलं की सल्ला ठरलेला. वेळेवर जेवा, टेन्शन घेऊ नका, बाहेरचं खाऊ नका. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण तो पाळायचा तर आमच्या दिवसात जागा कुठे आहे?

जरा दिवस मांडून बघू. सकाळी चहा-नाश्ता पोटात गेला की मोठं आतडं हलायला लागतं, ही शरीराची नैसर्गिक सवय आहे. नेमकी तेव्हाच आपली धाव असते ६:५० च्या लोकलसाठी. कळ दाबायची आणि पळायचं. रोज दाबत गेलं की बद्धकोष्ठ होणारच, त्यात पाणी कमी. दुपारी डबा उघडायला दोन वाजतात, तोही स्क्रीनकडे बघत दहा मिनिटांत संपवायचा. संध्याकाळी ठाण्याला उतरलं तर वडापाव, नाहीतर थेट रात्री दहाला जेवण. तेच दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण आणि अकराला आडवं. भरल्या पोटी झोपलं की आम्ल वर अन्ननलिकेत येतं. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा असं सांगतात ते याचसाठी. पहाटे साडेचारला उठणारीने ते कुठून आणायचे?

आता टेन्शनचं. "सगळं मनाचे खेळ" असं म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांसाठी सांगते, आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याचं सतत बोलणं चालू असतं. शरीराला धोका वाटला की रक्त पचनाकडून स्नायूंकडे वळतं. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, उलट मोठं आतडं घाई करतं. म्हणून एकीचं पोट तासन् तास जड राहतं, तर दुसरीला बॉसचा फोन आला की टॉयलेट गाठावं लागतं. ताणात आतड्याची संवेदनाही वाढते. एरवी जाणवलाही नसता तेवढा गॅस दुखायला लागतो. रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखणं खोटं नसतं.

पण म्हणून सगळं टेन्शनच्या खात्यावर टाकू नका. अल्सर चिंतेने आणि तिखटाने होतो असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागे एक जिवाणू असल्याचं दाखवलं, २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण म्हणजे वारंवार घेतलेल्या पेनकिलर गोळ्या. कंबर दुखते म्हणून पेनकिलर, तिने पोट जळतं म्हणून ॲसिडिटीची गोळी, हा प्रकार डब्यात सर्रास चालतो. काळी शी, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, विनाकारण वजन उतरणं, यातलं काही असेल तर गोळी नको, डॉक्टर गाठा. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला तर "गॅस असेल" म्हणत सोडा पीत बसू नका. ते हृदयही असू शकतं.

माझा मुद्दा मात्र पुढचा आहे. आपल्याकडे म्हण आहे, आधी पोटोबा मग विठोबा. आता पोटोबाच्याही आधी मीटिंग. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती. तिची अंमलबजावणी किती ऑफिसांत होते, आपापल्या मनाला विचारा. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवायला मंजुरी दिली, कारखान्यांत दिवसाला ९ वरून १२ आणि आस्थापनांत ९ वरून १०. त्यात दोन्ही बाजूंचा प्रवास मिळवा. जेवायचं कधी, झोपायचं कधी?

माझ्या मागण्या साध्या आहेत. जेवणाच्या अर्ध्या तासात मीटिंग आणि फोन नकोत. प्रत्येक स्टेशनवर पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंत स्वच्छ, उघडं, पाणी असलेलं टॉयलेट हवं. आणि घरच्यांसाठी एक. रात्रीचा स्वयंपाक तिची वाट बघत थांबायला नको. जो आधी घरी येतो त्याने कुकर लावावा, म्हणजे जेवण दहाऐवजी नऊला होईल. हा एक तास कुठल्याही गोळीपेक्षा स्वस्त आहे.

तोवर ऑफिसला पोचल्यावर आधी दोन ग्लास पाणी प्या, पाचच्या सुमारास चणे-फुटाणे किंवा केळं खा, रात्री हलकं जेवा. आणि तुमच्या स्टेशनवरचं टॉयलेट सकाळी किती वाजता उघडतं ते कमेंटमध्ये स्टेशनच्या नावासकट लिहा. यादी झाली की ती घेऊन स्टेशन मास्तरांकडे जाऊ. येणार ना?