झाडवाल्या उमेदवारांनो
झाडं वाचवणाऱ्यांनो, महापालिकेला उभे राहताय? खुशाल राहा. २०१९ साली आरेत झाडं पडली तेव्हा तुम्ही पोलिसांच्या गाडीत बसलात, ते मान्य. पण गिरणीत माझ्या नाकातोंडात रोज कापूस जातो. हवेचं मला शिकवू नका.

पालिकेचा ठराव काय असतो ते आम्ही जाणतो. १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी आमच्या माणसांची डोकी फुटली. तळं खुलं केल्याचा ठराव नगरपालिकेनं त्याच साली फिरवला. त्याच साली मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला. २०१६ ला तो पेटला, धूर शहरभर गेला, तेव्हा तुमच्या नाकाला कळलं.

२०१३ च्या कायद्यानं बंदी, तरी गटारात माणूस मरतोच. तो तुमच्या पर्यावरणात बसतो का? जाहीरनाम्यात पहिल्या ओळीत त्याला लिहा. नाहीतर नाक दाबून आमच्या वस्तीत मतं मागायला येऊ नका.