पर्ज्युरी म्हणजे काय? फितूर झालेला प्रत्येक साक्षीदार यात अडकतो का?

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात. समजा, महाळुंगे पडवळमधल्या एका भावाने वारसांच्या प्रतिज्ञापत्रात सासरी गेलेल्या बहिणीचं नाव मुद्दाम गाळलं. गावात म्हणतील, बहिणीला डावललं. कायदा म्हणेल, तो शपथेवर खोटं बोलला. बातम्यांमध्ये दिसणारा 'पर्ज्युरी' हा शब्द याच गुन्ह्यासाठी आहे.

शब्द मूळचा लॅटिन. 'ज्युरारे' म्हणजे शपथ घेणं. 'ज्युरी'ही त्यातूनच आला. मराठीत शपथभंग किंवा खोटी साक्ष म्हणतात. आपला 'शपथ' तर जास्तच धारदार आहे. तो ज्या संस्कृत 'शप्' धातूपासून आला, त्याच धातूपासून 'शाप'ही झाला. म्हणजे खोटं बोललो तर माझंच वाईट होवो! शिवकाळात आणि पेशवाईत वतनाच्या तंट्यात 'रवादिव्य' करायला लावत. उकळत्या तेल-तुपातून धातूचा तुकडा काढायचा. हात भाजला तर माणूस खोटा.

आता त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 229 आहे. न्यायालयीन कामात खोटी साक्ष दिल्यास 7 वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजारांपर्यंत दंड. इतर ठिकाणी 3 वर्षं आणि 5 हजार. मात्र खोटं जाणूनबुजून सांगितलेलं असावं लागतं. विसरणं हा गुन्हा नाही.

मग फितूर साक्षीदाराचं काय? इथेच गल्लत होते. पोलिसांनी घेतलेला जबाब शपथेवर नसतो, त्यामुळे कोर्टात तो फिरवला म्हणून लगेच पर्ज्युरी होत नाही. दंडाधिकाऱ्यांसमोर शपथेवर दिलेला जबाब फिरवला, तर मात्र अडचण होऊ शकते.

गाजलेलं उदाहरण बेस्ट बेकरी खटल्याचं. 2002 मध्ये वडोदऱ्यात 14 जणांचा जीव गेला. सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला मुंबईत चालवायला लावला. वारंवार जबाब बदलणाऱ्या मुख्य साक्षीदार जाहिरा शेख यांना मार्च 2006 मध्ये 1 वर्षाची कैद झाली. पण ती पर्ज्युरीसाठी नव्हती, न्यायालयाच्या अवमानासाठी होती.

पर्ज्युरीचा रस्ता लांबचा आहे. कोर्टातल्या खोट्या साक्षीबद्दल समोरचा पक्ष थेट गुन्हा दाखल करू शकत नाही. तो फक्त अर्ज करतो. चौकशी करून लेखी तक्रार द्यायची की नाही, हे कोर्ट ठरवतं.

आणि त्या बहिणीचं? भावाला शिक्षा झाली तरी तिचं नाव आपोआप सातबाऱ्यावर चढत नाही. त्यासाठी फेरफारावर हरकत घ्यावी लागते. ती मुदत गेली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील किंवा दिवाणी दावा.