वेबसाईटचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?

छाटणीच्या नोंदी उद्या टाकतो, आज विषय जरा वेगळा. बेदाणा, हळद, गूळ थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या आपल्यातल्या चार-पाच जणांनी या महिन्यात एकच प्रश्न विचारला. वेबसाईट काढायची आहे, होस्टिंग कुठल्या कंपनीचं घेऊ? सोबत दरपत्रकांचे फोटो. यातलं स्वस्त कुठलं ते सांगा म्हणे.

माझं मत स्पष्ट आहे. नवख्या माणसाने कंपनी निवडण्यात आठवडा घालवू नये. दहा पानांची साधी वेबसाईट बहुतेक कंपन्यांकडे ठीकच चालते. डोकं लावायचं ते डोमेन कुणाच्या नावावर राहणार, दुसऱ्या वर्षी किती पैसे जाणार आणि आपल्या मालाची दुसरी प्रत कुठे ठेवली आहे, यावर. या तिन्हीत जो पक्का आहे त्याला कंपनी चुकली तरी फार फरक पडत नाही. उठायचं आणि दुसरीकडे जायचं.

आधी डोमेन आणि होस्टिंगमधला गोंधळ मिटवू. डोमेन म्हणजे नाव, ज्याच्या शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन असतं. होस्टिंग म्हणजे तुमची पानं, फोटो, दरपत्रक ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेत तिथली भाड्याची जागा. बेदाणेवाल्यांना लगेच कळेल. होस्टिंग हे कोल्ड स्टोरेज आहे, डोमेन हे खोक्यावर छापलेलं नाव. कोल्ड स्टोरेज पटलं नाही तर पुढच्या हंगामात माल दुसरीकडे लावता येतो. खोक्यावरचं नावच दुसऱ्याचं निघालं तर काय करणार?

आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं हेच झालं. शहरातल्या एकाने "सगळं मिळून" एक ठोक रक्कम घेऊन वेबसाईट करून दिली. काम चांगलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. तीन वर्षांनी पत्ता बदलायचा म्हणून फोन केला तर फोन बंद. मग शोधल्यावर कळलं की डोमेन त्याच्या नावावर, ईमेल त्याचा, मोबाईल त्याचा. कंपनीकडे कागद म्हणून फक्त पैसे दिल्याची पावती. खोकी, पत्रकं, प्रदर्शनातल्या स्टॉलचा फलक, सगळीकडे ते नाव छापलेलं. शेवटी नवीन नाव घेतलं आणि खोकी परत छापली. जुन्या नावावर येणारी गिऱ्हाइकं गेली ती गेलीच.

जमीन घेताना आपण सातबारा, फेरफार दहा वेळा बघतो. इथे वर्षाला हजार-पाचशेची गोष्ट म्हणून कोणी बघत नाही. डोमेनचं खातं स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाईलवर उघडा. नोंदणीत मालक म्हणून तुमचं किंवा तुमच्या संस्थेचं नाव पाहिजे, बिलावरही तेच. वेबसाईट करणाऱ्याला काम करण्यापुरता प्रवेश द्या, मालकी देऊ नका. उत्पादक कंपनी असेल तर एखाद्या संचालकाचा खाजगी ईमेलही नको. संचालक बदलतात, कधी भांडणं होतात, आणि पासवर्ड त्याच्यासोबत जातो. आणि जमलं तर डोमेन एका कंपनीकडे, होस्टिंग दुसरीकडे ठेवा. एकाशी वाजलं तरी दुसरं हातात राहतं.

"फुकट मिळतंय की, पैसे कशाला घालायचे?" असंही विचारणारे आहेत. फुकट वापरा, माझी ना नाही. पण नाव स्वतःचं लावा. गुगलच्या दुकाननोंदीतून फुकटात एक पानाची वेबसाईट निघायची. आपल्याकडच्या बऱ्याच दुकानदारांनी काढली होती. मार्च २०२४ मध्ये गुगलने ती सगळी सेवा बंद केली. काही महिने जुना पत्ता उघडला की दुकानाच्या नोंदीवर नेऊन सोडत होता, जूननंतर तेही थांबलं. एवढी मोठी कंपनी हे करते तर लहानांचं काय सांगावं. ज्याचं स्वतःचं डोमेन होतं त्याने ते दुसऱ्या जागेकडे वळवलं, गिऱ्हाइकाला पत्ता तोच राहिला.

आता पैसे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं महिना ९९ रुपये. उदाहरणादाखल हाच आकडा धरा. पैसे भरायला गेलं की कळतं, हा दर तीन वर्षांचे एकदम भरले तरच. म्हणजे ३,५६४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, झाले ४,२०५. तेही एकवेळ चालेल. पण खाली बारीक अक्षरात नूतनीकरणाचा दर असतो, समजा महिना ३९९. तेव्हा एका वर्षालाच जीएसटीसह ५,६५० च्या घरात जातं. पहिल्या पिशवीवर सूट देऊन पुढच्या वर्षी भाव वाढवणारा बियाणेवाला आपण लगेच ओळखतो, इथे मात्र ९९ वर भुलतो. दर विचारायचा तो नूतनीकरणाचा, जीएसटीसकट, आणि त्यावरच तुलना करायची. पहिल्यांदा एकाच वर्षाचं घ्या, थोडं महाग पडलं तरी. ज्याचं काम बघितलं नाही त्याला तीन वर्षांची उचल कशाला?

"अनलिमिटेड" या शब्दावर तर बोलायलाच नको. स्वस्तातलं होस्टिंग म्हणजे सामायिक विहीर. एकाच कॉम्प्युटरवर शेकडो वेबसाईट पाळी लावून बसलेल्या असतात. शेजाऱ्याने मोठी मोटर टाकली की तुमचं पाणी बारीक. अटींच्या पानावर फाइलींची संख्या, प्रोसेसरचा वापर यावर मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. आणि तुम्हाला लागतं किती? मोबाईलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो आकाराने कमी करून २०० केबीवर आणला तर तीस फोटो सहा एमबीत बसतात. व्हिडिओ यूट्यूबवर टाकून पानावर फक्त लावायचा. १०० जीबी घेऊन त्यात काय कडबा भरणार? गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं असेल तर सर्व्हर भारतातला घ्या, पान पटकन उघडतं. कुलूपवालं एसएसएल प्रमाणपत्र फुकट मिळालं पाहिजे. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था ते २०१५ पासून फुकट देते, त्यासाठी वेगळे हजार रुपये मागणाऱ्याकडे जाऊ नका. ९९.९ टक्के चालू राहण्याची हमी म्हणजे महिन्याला पाऊण तास बंद पडायची मुभा. आपल्याकडची लाईट एवढी चालू राहिली तर पेढे वाटू!

दुसऱ्या प्रतीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या युरोपातल्या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या केंद्राला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली, लाखो वेबसाईट बंद पडल्या. त्यातल्या काहींची दुसरी प्रतही त्याच आवारात होती, ती पण गेली. कंपनी नामांकित होती बरं का. गंजीला आग लागली तर शेजारची गंजी कामाची नाही, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. महिन्यातून एकदा वेबसाईटची पूर्ण प्रत उतरवून घरच्या पेन ड्राइव्हवर घ्या. कंपनीला घेण्याआधी विचारा की बॅकअप रोज होतो का, आणि परत टाकून द्यायचे पैसे घेता का. घेणाऱ्या कंपन्या आहेत.

हा प्रश्न विचारायला मुद्दाम रात्री नऊला फोन करा किंवा चॅटवर लिहा. पैसे भरण्याआधी जो उत्तर देत नाही तो पैसे घेतल्यावर काय देणार! हिंदीत नीट समजावून सांगणारा माणूस भेटला तर मी वर्षाला पाचशे जास्त द्यायला तयार आहे.

कृषी सल्लागार मित्रांनाही एक सांगणं. तुमच्या आठ-दहा वर्षांच्या फवारणीच्या, माती परीक्षणाच्या नोंदी सोशल मीडियावर पडून आहेत. खातं एक दिवस उघडलं नाही तर त्या कुठून काढणार? तुम्हाला तर शेतकऱ्यापेक्षा जास्त गरज आहे स्वतःच्या जागेची.

अगदीच पहिली पायरी असेल तर मी असं करेन. डोमेन स्वतःच्या नावाने विकत घेईन आणि ते गुगलच्या ब्लॉगरला जोडेन. तिथे होस्टिंगचे पैसे लागत नाहीत, स्वतःचं डोमेन लावता येतं. एक हंगाम बघायचं, किती जण येतात, किती ऑर्डरी निघतात. जम बसला, ऑनलाईन पैसे घ्यायची गरज पडली, की मग एका वर्षाचं होस्टिंग. दोनशे खोकी व्हॉट्सअॅपवरच संपत असतील तर तेही घाईने नको.

डोमेन घेताना तारीखही बघा. ऑक्टोबरमध्ये घेतलं तर दर ऑक्टोबरला नूतनीकरण येणार, आणि गोडी छाटणीच्या गडबडीत ईमेल कोण बघतो? डॉट कॉमची मुदत संपली की थोडे दिवस सवलतीचे मिळतात, ते प्रत्येक कंपनीचे वेगळे. त्यानंतर तीस दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, मग पाच दिवसांनी ते कुणालाही घ्यायला मोकळं. त्यामुळे जून-जुलैत घ्या, किंवा एकदम दोन-तीन वर्षांचं भरा. होस्टिंगला लांबची उचल नको म्हटलं, डोमेनला चालते.

ज्यांच्या वेबसाईट आधीच चालू आहेत त्यांनी आज संध्याकाळी डोमेनच्या खात्यात स्वतः शिरून दाखवा. पासवर्ड दुसऱ्याला विचारावा लागला तर इथे खाली लिहा, नाव परत आपल्याकडे कसं वळवायचं ते पुढच्या नोंदीत टाकतो.