दुर्बीण की चिरा? आधी घड्याळ बघा!

समजा, सोमवारी रात्री अकरा वाजता दारव्ह्याहून आईचा फोन येतो. 'तुझ्या बाबांची ती जांघेतली गाठ आज आत जाऊनच नाही राहिली रे. दुपारपासून उलट्या सुरू आहेत.' तुम्ही हिंजवडीतल्या फ्लॅटमध्ये. पहिलं काम काय करता? नेटवर नागपूरचा बेस्ट लॅप्रोस्कोपिक सर्जन शोधता! माया समजते, पण जरा थांबा.

हर्निया, म्हणजे आपला जुना अंतर्गळ. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडं किंवा चरबी बाहेर येते. आडवं झालं की गाठ आत जाते, म्हणून लोक वर्षानुवर्षं अंगावर काढतात. साधारण चारातल्या एका पुरुषाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. पण आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर ते काही तासांत मरू लागतं. बायकांमध्ये हर्निया कमी, पण मांडीच्या वरच्या टोकाशी येणारा प्रकार जास्त, आणि तो पटकन अडकतो. तेव्हा आईची छोटी गाठही 'काही नाही गं' म्हणून सोडायची नाही.

आता ऑपरेशन. दुर्बिणीचे फायदे खरे आहेत: छिद्रं लहान, दुखणं कमी, जखम चिघळण्याचा धोका कमी. शिवाय सुटलेल्या आतड्याचा रंग परत येतोय का, हे कॅमेऱ्यातून नीट दिसतं. पण त्याला पूर्ण भूल लागते, आणि फुगलेल्या आतड्यांच्या गर्दीत काम करायला मुरलेला हात लागतो. ओपनमध्ये जांघेत चिरा. बऱ्याचदा कमरेखालचा भाग बधिर करूनही भागतं आणि बहुतेक जनरल सर्जनचा हात त्यावर बसलेला असतो. म्हणूनच २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही इमर्जन्सीत सर्वांना एकच पद्धत लादलेली नाही. पेशंट कसा आहे आणि सर्जनला काय चांगलं येतं, यावर ते ठरतं.

आणि लहान गावातलं ओपन म्हणजे दुय्यम, हेही डोक्यातून काढा. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं. पुढे युगांडात ठरवून केलेल्या ओपन ऑपरेशनांमध्ये अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. २०१६मध्ये निकाल आला: दोन्ही सारख्याच!

मग त्या रात्री काय करायचं? बाबांना काही खाऊ-पिऊ घालायचं नाही. गाठ जोर लावून ढकलायची नाही, शेकायची नाही. गाडी काढून थेट यवतमाळ. तिथे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. खासगीत जायचं तर फोनवर आधी विचारा, 'सर्जन आणि भूलतज्ज्ञ आत्ता हजर आहेत का?' दुर्बिणीचा प्रश्न त्यानंतर. तिथे ती नेहमी होत असेल तर उत्तमच. नसेल, तर केवळ तिच्यासाठी यवतमाळहून आणखी दीडशेएक किलोमीटर नागपूर गाठण्यात रात्र घालवू नका. डॉक्टरांनीच पुढे पाठवलं तर गोष्ट वेगळी.

दुर्बीण की चिरा, हा चॉइस निवांत करायचा असेल तर गाठ आत-बाहेर होतेय तेव्हाच करा. बाबा लाजून सांगणार नाहीत. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की तुम्हीच विचारा.