‘जरा चालत जा’ म्हणजे नेमकं किती?

तुमच्या घरी फ्रीजवर औषधांचा एक डबा असेलच. बाबांची बीपीची गोळी, आईची गुडघ्यांची, आजीची शुगरची. आई दवाखान्यातून आली की विचारून बघा, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ उत्तर ठरलेलं : ‘गोळ्या दिल्यात. आणि जरा चालत जा म्हणाले.’

घोळ या ‘जरा’त आहे. ‘जरा गोळी घेत जा’ असं कुठला डॉक्टर म्हणतो का? किती मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, सगळं चिठ्ठीवर असतं. मग व्यायामाचाच डोस मोघम का?

चालणं म्हणजे गोळीच्या जोडीला दिलेला फुकटचा सल्ला नव्हे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 जणांचा अभ्यास केला. निष्कर्ष 2006 मध्ये आले. चालणं आणि आहारातले बदल यांनी मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनच्या गोळीने 26.4 टक्क्यांनी. जवळजवळ बरोबरीच! पण खरी मेख पुढे आहे. या लोकांना सल्ला देऊन वाऱ्यावर सोडलं नव्हतं. दर महिन्याला फोन जायचा, सहा महिन्यांनी भेट व्हायची.

ऑस्ट्रेलियातल्या फॅमिली डॉक्टरांच्या संस्थेने तर बिनऔषधी उपचारांची एक पुस्तिकाच केली आहे. नाव ‘हँडी’ (दहीहंडीशी संबंध नाही!). कोणत्या दुखण्याला काय करायचं, कसं करायचं, कोणी करू नये, हे सगळं त्यात औषधाच्या माहितीसारखं नीट मांडलेलं आहे.

‘ओपीडीत एवढी गर्दी, समजावायला वेळ कुठंय?’ हा आक्षेप खरा आहे. पण सगळं डॉक्टरांनीच कशाला करायचं? नर्स आहेत, आशाताई आहेत. त्यांना प्रशिक्षण द्या, या कामाचा मोबदला द्या आणि व्यायामाची नोंद बीपीच्या आकड्याशेजारी ठेवा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांकडून एवढी मागणी करायलाच हवी.

आणि हो, हे वाचून कुणाच्या गोळ्या बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचाच.

तुम्ही काय करायचं? पुढच्या वेळी आईबरोबर दवाखान्यात जा आणि विचारा : कोणता व्यायाम, किती वेळ, आठवड्यातून किती दिवस, आणि दुखलं तर काय? उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा.

मग घरी आल्यावर आई म्हणेल, ‘मला कुठला बाई वेळ!’ तेही खरंच आहे. गोळी गिळायला एक मिनिट लागतं, चालायला अर्धा तास. तो अर्धा तास तिला कोण देणार? संध्याकाळचा कुकर आजपासून तुम्ही लावा. तिच्या औषधातला तेवढा भाग तुमच्या हातात आहे.