लेकराच्या लसीची तारीख पुढे ढकलू नका!

आमच्या वस्तीत साडेचार महिन्यांचे एक बाळ आहे. जन्माच्या वेळी सरकारी दवाखान्यात टोचले तेवढेच. त्यानंतर एक सुई नाही की एक थेंब नाही. बाप कंत्राटी सफाई कामगार, आई दोन घरची धुणीभांडी करते. दोघेही शाळा शिकलेले. मी विचारले तेव्हा बाप म्हणाला, "काका, टोचायचं नाही असं नाही. पण आई म्हणते, लेकरू अजून लई बारीक आहे, जरा अंग धरू द्या." आजीला विचारले तर तिचे कारण वेगळेच. "थोरल्याला टोचलं तवा दोन दिवस तापानं फणफणला. मांडी ही एवढी सुजली. नर्सबाईला विचारायला गेले, तर म्हणाली, तुम्हाला सांगून काय कळणार?" बाळाची आई बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "टोचणीचा वार आला की खाडा होतो. रातभर लेकरू रडलं की दुसऱ्या दिवशीचाबी खाडा."

तीन माणसे, तीन कारणे. यांपैकी एकाचाही लसीला विरोध नाही. आपल्या वस्त्यांमधून, वाड्यांमधून लसीवाचून राहिलेल्या लेकरांची गोष्ट बहुधा अशीच असते. नकार कोणी देत नाही. तारीख पुढे जाते. एक आठवडा जातो, मग महिना जातो, आणि रोग मात्र तारीख पाहून येत नाही.

'अंग धरू द्या' हे आजीचे म्हणणे मायेचे आहे, पण ते उलटे आहे. लेकरू जितके लहान तितका रोगाचा घाला मोठा. डांग्या खोकल्याने सर्वांत जास्त दगावतात ती काही आठवड्यांची आणि काही महिन्यांची बाळे. म्हणूनच पेंटाव्हॅलंट लसीचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला ठरवले आहेत. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, 'ब' प्रकारची कावीळ आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारे न्यूमोनिया व मेंदूज्वर, या पाचांवर ती एकच सुई. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, त्यालाही कारण आहे. आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिकारशक्ती पहिले काही महिने बाळाच्या अंगात असते. ती असताना लस दिली तर नीट लागू पडत नाही, आणि ती ओसरल्यावर उशीर केला तर बाळ उघडे पडते. या तारखा कोणा बाबूने आपल्या सोयीने पाडलेल्या नाहीत. रोग कोणत्या वयात गाठतो याचा हिशेब करून त्या ठरलेल्या आहेत.

हा हिशेब चुकला की काय होते ते मुंबईने २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाहिले. गोवंडीच्या वस्त्यांत गोवराची साथ पसरली, लहान लेकरे दगावली. मालेगाव, भिवंडीतही तेच झाले. कोरोनाच्या काळात लसीकरणाचे वार चुकले होते, ते पुन्हा भरून निघाले नव्हते. गोवर काही हिरानंदानीत शिरला नाही. तो शिरला तिथे, जिथे दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे झोपतात, जिथे लेकरांच्या पोटात पुरेसे अन्न नाही. गोवराचा एक रोगी लस नसलेल्या वस्तीत बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. म्हणून शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना लस मिळाल्याशिवाय ही साथ अडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचे प्रमाण देशात ७६.४ टक्के निघाले, आणि महाराष्ट्रात? ७३.५ टक्के! पुरोगामी म्हणवणारे हे राज्य देशाच्या सरासरीच्याही मागे. उरलेली लेकरे कोणाची, हे वेगळे सांगायला हवे काय?

इथे आपल्यालाही थोडे कडू बोलणे भाग आहे. मराठीत एका रोगाचे नावच 'देवी' होते. तिला नवस झाले, नैवेद्य झाले, आणि ती दरवर्षी लेकरे नेत राहिली. ती गेली ती लसीने. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालचा, आणि १९८० साली जगातूनच तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. आपण तर १९५६ साली नागपूरला सगळ्याच देवी-देवतांना रामराम ठोकला. मग आजही लेकराच्या अंगावर गोवर उठला की दाराला लिंबाचा पाला का टांगला जातो? 'आई आली आहे, औषध देऊ नका' हे बौद्धाच्या घरात कोण बोलते? गोवर झालेल्या मुलाला दवाखान्यात न्यावे लागते, तिथे त्याला 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देतात, आणि ते न मिळाल्यास डोळेही जाऊ शकतात. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि दारावर पाला, हे दोन्ही एका घरात शोभत नाही.

पण सगळा दोष आजीच्या पदरात टाकून मोकळे होणाऱ्यांतले आम्ही नाही. 'तुम्हाला सांगून काय कळणार?' या एका वाक्याने जितकी लेकरे लसीवाचून राहिली असतील, तितकी अफवांनी राहिली नसतील. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी विचारले नाही, त्यांनी सरकारच्या सुईकडे संशयाने पाहिले तर नवल ते काय? तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला २००९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीचा प्रकल्प झाला. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. अनेकींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला, आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. यवतमाळ जिल्ह्यात जानेवारी २०२१ मध्ये बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. या दोन्ही ठिकाणी दोष लसीचा नव्हता. दोष होता गरिबाच्या लेकराला गृहीत धरणाऱ्या वृत्तीचा. याचा जाब मागायचाच. परंतु जाब मागायचा तो लेकराची लस पुरी करून घेऊन. व्यवस्थेवरचा राग लेकराच्या जिवावर काढून कोणाचे नुकसान होते? व्यवस्थेचे तर काहीच होत नाही.

मोबाइलवर फिरणाऱ्या भीतीबद्दल दोन शब्द. लसीने मूल मतिमंद होते, स्वमग्न होते, असे संदेश सुशिक्षित वस्त्यांतून जास्त फिरतात. याचे मूळ इंग्लंडमधील अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरच्या १९९८ सालच्या लेखात आहे. अवघ्या बारा मुलांवरून त्याने शंका पसरवली. 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० मध्ये तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. पुढे अनेक देशांत लाखो मुलांवर अभ्यास झाले, स्वमग्नतेचा लसीशी संबंध आढळला नाही. तिकडच्या श्रीमंताला अशी चैन परवडत असेल, मूल आजारी पडले तर त्याच्या दाराशी रुग्णवाहिका उभी राहते. आपल्याला ती परवडणारी नाही.

आपल्यातल्या नोकरदार मंडळींचा आणखी एक गैरसमज आहे. सरकारी लस फुकट म्हणजे हलकी, असे समजून काहीजण कर्ज काढून खासगी दवाखान्यात 'न दुखणारी' लस टोचतात. त्या लसीने ताप आणि सूज कमी येते, एवढे खरे. पण रोगापासून संरक्षण देण्यात सरकारी लस कमी नाही. ताप येणे, मांडी सुजणे ही अंग लढाईची तयारी करत असल्याची खूण आहे. ती दोन दिवसांत जाते. हेच त्या आजीला नर्सबाईने पाच मिनिटे बसवून सांगितले असते, तर दुसऱ्या नातवाचे तीन डोस चुकले नसते.

बाबासाहेब आणि रमाई यांची पाच लेकरे. त्यांतला यशवंत तेवढा वाचला. रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न ही चारही बालपणीच गेली. राजरत्नला १९२६ साली न्यूमोनियाने नेले. त्या काळात न्यूमोनियाला ना लस होती, ना आजच्यासारखी प्रतिजैविके. परदेशातून पदव्या घेऊन आलेला बाप हतबल होता. आज न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूवरची पीसीव्ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर फुकट मिळते आहे. जे त्या बापाला मिळू शकले नाही ते आपल्या गल्लीत नर्सबाईच्या पेटीत आहे, आणि आपण म्हणतो, पुढच्या वेळी बघू!

आता त्या आईच्या खाड्याचे काय? १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बाळंतिणींना पगारी विश्रांती मिळावी म्हणून बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला होता. आईची रजा ही मूल जगवण्याची किंमत आहे आणि ती मालकाने व सरकारने मोजली पाहिजे, हा तो मुद्दा आजही जिवंत आहे. ऊसतोड कामगारांचे पाहा. भाद्रपदात जन्मलेल्या बाळाचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस दिवाळीच्या सुमारास आणि त्यानंतर, बिऱ्हाड फडावर गेल्यावर येतात. त्या कोपीपर्यंत नर्सबाई पोचली पाहिजे. शहरी वस्त्यांत लसीकरण संध्याकाळी किंवा रविवारी झाले पाहिजे. विहार आहेत, समाजमंदिरे आहेत, जागेची अडचण नाही. महिला मंडळांनी आशाताईला बरोबर घेऊन वस्तीतल्या दोन वर्षांखालच्या मुलांची यादी करावी आणि ती आरोग्य केंद्राच्या टेबलावर ठेवून विचारावे : यांचे डोस कोणत्या वारी देता?

आणि आईबापांनी इतके लक्षात ठेवावे. कार्ड जपा, गावाला जाताना बरोबर न्या. ते देशातल्या कोणत्याही सरकारी केंद्रात चालते. साधी सर्दी, हलका ताप हे लस टाळण्याचे कारण नाही. मागच्या डोसानंतर झटके आले असतील, बाळ बेशुद्ध पडले असेल, तर मात्र डॉक्टरांना सांगूनच पुढे जा. टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा. कोणती लस दिली, तिने काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कोणती, हे विचारून घ्या. सांगणे हे त्यांचे काम आहे, उपकार नाहीत. आणि डोस चुकला असेल तर लाजू नका. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिले तिथून पुढे सुरू होते.

साडेचार महिन्यांच्या त्या बाळालाही अजून उशीर झालेला नाही. पुढच्या टोचणीच्या वारी आजीच त्याला घेऊन जाणार आहे. नर्सबाईला चार प्रश्न विचारायचे म्हणून मीही बरोबर जाणार आहे. तुमच्या घरातले कार्ड कुठे आहे? आज रात्रीच काढा आणि मोकळी राहिलेली खाने मोजा.